कात्रीबाईंचा न फुलणारा अनंत

कात्रीबाईंचा राग सकाळी त्यांच्याआधी उठायचा. डोळे पुरते उघडायच्या आत त्यांना काहीतरी खुपलेलं असायचं. नळ टपटपतोय, शेजारणीनं अंगण झाडताना धूळ इकडे लोटलीय, नवऱ्यानं कपबशी ओट्याच्या अगदी कडेला ठेवलीय. त्यांना खरं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे आणि पाठ वळली की 'कात्रीबाई'. हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्याचाही त्यांना राग होता.

आता खरं सांगायचं तर धंदाच राग यावा असा. रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान. खिडकीशी मशीन, मशीनला लागून कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने. आणि समोर गिऱ्हाईक. माप देताना पोट आत ओढून उभं राहायचं आणि कपडा शिवून झाला की घट्ट झाला म्हणून ओरडायचं, ही गिऱ्हाइकाची जात. बाई त्यांना सरळ ऐकवायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. तरी लोक येत, कारण बाईंच्या कापण्यात दोराभर चूक नसे. लोंबता दोरा दिसला की त्यांचा हात आपोआप कात्रीकडे जाई. घरी आलेल्या पाहुण्याच्या बाहीचा दोरासुद्धा त्यांनी बोलता बोलता कापलेला आहे, आणि पाहुणा दचकला तर वर त्यालाच झापलेलं आहे.

नवरा ग्रंथपाल होता. तीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवायची नोकरी केली आणि निवृत्त होऊन घरी आल्यावर स्वतः गप्प बसला. बिचाऱ्यानं करायचं तरी काय? घरात एका माणसाचा तोंडाचा पट्टा चालू असला की दुसऱ्यानं पुस्तक उघडावं, हे त्याला लग्नानंतर आठवड्यातच उमगलं होतं.

तर दुकानाच्या खिडकीबाहेर बाईंची बाग. बाग म्हणजे काय, फाटकापासून पायरीपर्यंतचा मातीचा पट्टा, चार जण आडवे झोपले तर भरेल एवढा. पण त्याला बाईंनी जेवढा जीव लावला होता तेवढा नवऱ्याला लावला असता तर तो दोन शब्द जास्त बोलला असता.

बागेचं मूळ होतं आईच्या घरी. आईच्या मागच्या दाराशी अनंताचं झुडूप होतं. ऐन उन्हाळ्यात, सगळ्या जगाचं तोंड सुकलेलं असताना, ते पांढऱ्या फुलांनी भरायचं आणि स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला आधी फुलांचा वास यायचा, मग फोडणीचा. आई गेली, घर धाकटीकडे राहिलं. धाकटी म्हणजे बाईंची पाठची बहीण. आईला शेवटची दहा वर्षं तिनंच सांभाळलं, तेव्हा घराबद्दल बाईंची तक्रार नव्हती. बाईंनी एकच मागितलं, अनंताची फांदी. धाकटीनं फांदी बाटलीत पाण्यात ठेवली, मुळं फुटल्यावर डब्यात लावली, आणि चार पानं आल्यावर स्वतः चालत आणून दिली. मधे तीन गल्ल्या. डबा पदराखाली झाकून आणला होता, उन्हाचा चटका लागू नये म्हणून.

बाईंनी ठरवलं, बाग करायची तर उन्हाळ्यात फुलणारीच. पावसाळ्यात काय, गवतही फुलतं. आणि मग त्या रोपवाल्याकडे गेल्या, गळ्यात माप घ्यायची टेप घालून.

तो रोपवाला अजून ती गोष्ट सांगतो. बाईंनी प्रत्येक झाडाचं माप घेतलं. उंची, घेर, वर्षाला वाढ किती, पूर्ण वाढल्यावर खांदा किती रुंद. गुलमोहर दाखवला तर म्हणाल्या, हा माझ्या भिंतीच्या पायात मुळं घालेल, तुम्ही येणार का भिंत बांधायला? बहावा दाखवला तर म्हणाल्या, फुलं सोन्यासारखी आहेत मान्य, पण त्या हातभर शेंगा वर्षभर लोंबणार, मला लोंबतं काही चालत नाही. शेवटी कोपऱ्यासाठी जांभळ्या फुलांचा ताम्हण घेतला, तोही सरळ खोडाचा शोधून. मग झुडपं. मोगरा दुपदरी हवा, बटमोगरा नको. जास्वंद हवी पण लाल नको, लाल रंग उन्हात अजून तापतो. मग दर वर्षी आपली आपण उगवणारी, कर्दळ, निशिगंध, कुंपणाच्या कडेला उन्हाळी लिलीचे कंद. सगळं आखून, कापडावर खडूनं रेघ मारावी तसं, मागे उंच, पुढे बुटकं. आणि बरोब्बर मधे, मशीनवरून मान वर केली की दिसेल असा, आईचा अनंत.

सगळं फुललं. ताम्हणाला तिसऱ्या वर्षी झुबके आले, मोगऱ्यानं तर वैताग आणला इतका फुलला. लिली पट्टीनं आखल्यासारखी एका ओळीत उभी. मधला अनंत मात्र हिरवागार, गोल, नीटनेटका आणि मख्ख. एक कळी नाही. पहिली तीन वर्षं बाई म्हणाल्या, लहान आहे. चौथ्या उन्हाळ्यात त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या तशाच उठून तीन गल्ल्या ओलांडून धाकटीकडे गेल्या. मागच्या दाराशी आईचा अनंत अस्ताव्यस्त वाढलेला, फांद्या वाटेल तिकडे गेलेल्या, आणि पानं दिसू नयेत इतका फुललेला. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनानं निकाल लावला. चांगलं झाड स्वतःला ठेवलं आणि वांझोटी फांदी मला दिली. नुसतं मनात नाही ठेवलं, बोलल्या. शब्दानं शब्द वाढला. फांदीवरून गोष्ट आईच्या दुखण्यावर गेली, दुखण्यावरून कोण किती वेळा भेटायला आलं यावर गेली, आणि तिथून माणसं परत येत नाहीत. धाकटी मधे मधे काहीतरी सांगत होती, पण बाईंनी ऐकून घेतलं तर शपथ. 'तुझं-माझं संपलं' म्हणून त्या फाटक आपटून निघाल्या.

आठ वर्षं. सख्ख्या बहिणी, मधे तीन गल्ल्या, आणि आठ वर्षं एकमेकींशी शब्द नाही. वाण्याच्या दुकानात धाकटी दिसली तर बाई तेल न घेता परत यायच्या. धाकटीच्या मुलाला नोकरी लागली ते नवऱ्याकडून कळलं, धाकटीचा नवरा गेला तेव्हा बाई दारापर्यंत जाऊन बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या राहिल्या आणि आल्या तशा परतल्या. यापेक्षा जास्त काय सांगू? माणसाचा हट्ट असा असतो. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

आणि या आठ वर्षांत अनंताला काय कमी केलं म्हणता? खत झालं, ताक झालं, चहाचा चोथा झाला, गंजके खिळे झाले. बाई मशीनवरून मान वर करून त्याला शिव्या द्यायच्या. तो आपला हिरवाच्या हिरवा. रोपवाल्याला विचारायला गेल्या तर त्यानं माती विचारली, ऊन विचारलं, आणि मग विचारलं, बाई, छाटणी कधी करता? बाई म्हणाल्या, मी तीस वर्षं कात्री चालवतेय, माझी छाटणी काढू नका, तुमचं खत कसलं आहे ते बोला. रोपवाला हुशार माणूस. त्यानं खताची पिशवी पुढे केली आणि तोंड मिटलं.

कारण छाटणी तर बाई चोख करायच्या. दर वर्षी थंडी सरत आली की मोठी बागेची कात्री घेऊन अनंताभोवती फिरायच्या आणि एकूण एक बाहेर आलेलं टोक कापून त्याला गोल करायच्या. खाली पडलेल्या शेंड्यांचा ढीग झाडून टाकला की त्या दिवशी त्यांना जरा शांत वाटायचं. वर्षातला तोच एक दिवस.

यंदाच्या थंडीत अस्तराचा तागा काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि वर सांगितलं, प्लास्टर निघालं तरी चार महिने कात्रीला हात लावायचा नाही. बाई त्याच्यावर एवढ्या भडकल्या की बाहेर बसलेले रोगी उठून दुसऱ्या बाकावर गेले. अर्धवट शिवलेले कपडे गिऱ्हाइकांनी येऊन नेले, तेही त्या समोरच्या टेलरकडे, ज्याला काखेचा गोल कापता येत नाही. मशीनवर चादर पडली. बाई दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कपड्यातल्या चुका मोठ्यानं सांगत राहिल्या आणि नवरा पानं उलटत राहिला.

थंडी सरत आली तसा अनंत सुटायला लागला. इकडून एक फांदी, तिकडून एक फांदी. बाईंनी नवऱ्याला हुकूम सोडला, उठा, मी सांगते तिथून कापा. नवरा म्हणाला, कात्री धार लावायला दिलीय. आठवड्यानं विचारलं, अजून आली नाही. पुन्हा विचारलं, धारवाला गावाला गेलाय. बाईंनी त्या न पाहिलेल्या धारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग अनंताचं ते झिंज्या पिंजारलेलं ध्यान बघवेना, म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्याच सुमारास नवऱ्यानं जेवताना एक वाक्य टाकलं. धाकटी घर विकून मुलाकडे चाललीय, दूर, रेल्वेनं दीड दिवस. नवा मालक मागचं आवार मोकळं करून गाडी ठेवायला फरशी घालणार आहे. बाईंचा डावा हात घास घेता घेता थांबला.

"जाऊ दे. मला काय त्याचं?" त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं पुढे काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून बाईंची चिडचिड कमी झाली, आणि नवऱ्याला तीच जास्त भीतीची वाटली.

उन्हाळा लागला. एके दिवशी पहाटे बाईंना जाग आली ती वासानं. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, आई स्वयंपाकघरात आहे. मग त्या ताडकन उठल्या, पुढच्या खोलीत आल्या आणि पडदा ओढला.

अनंत फुलला होता. एक नाही, दोन नाही, बाईंनी मोजली, एकतीस फुलं, आणि कळ्या वेगळ्याच. सगळी फुलं फांद्यांच्या टोकांवर होती. जी लांब, वेडीवाकडी, बाहेर आलेली टोकं त्या अकरा वर्षं कापत आल्या होत्या, नेमकी त्याच टोकांवर.

एका नजरेत कापडावरची शिवणीची चूक ओळखणारी बाई ती, तिला किती वेळ लागणार? तिथल्या तिथे पायरीवर बसल्या. मग उठल्या आणि चपला घालून रोपवाल्याकडे गेल्या. तो नुकता पाणी घालत होता. त्यानं शांतपणे सांगितलं, अनंताची कळी जुन्या फांदीच्या शेंड्यावर धरते, थंडीतच आत तयार असते, छाटायचं ते फूल संपल्याबरोबर, थंडीत कात्री लावली की त्या वर्षीचं फूल गेलं.

"मग अकरा वर्षं तोंडात काय धरलं होतंत?" बाई कडाडल्या.

रोपवाला म्हणाला, "विचारलं होतं बाई. तुम्ही म्हणालात, छाटणी काढू नका."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी उभ्या आयुष्यात शंभर जणांना ऐकवली असेल. त्या घराकडे वळल्याच नाहीत, सरळ तीन गल्ल्या चालत गेल्या. वाटेत राग मावत नव्हता, फक्त तो टेकवायला जागा सापडत नव्हती.

धाकटीचं दार उघडं होतं. भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन, मधे दोरीनं बांधलेली खोकी. धाकटी जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. केस पिकले होते तिचे. बाईंना ते लांबून कधी दिसलं नव्हतं. मागचं दार सताड उघडं, आणि दाराशी, जिथं अनंत होता तिथं, कुदळीनं खणलेला ओला खड्डा. नव्या मालकाची माणसं आदल्या दिवशीच काम उरकून गेली होती.

बाई खड्ड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग जे बोलायचं नव्हतं तेच आधी बाहेर पडलं.

"मला सांगितलं का नाहीस? थंडीत कापायचं नसतं म्हणून?"

धाकटीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "त्याच दिवशी सांगत होते, ताई. तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, मला कात्री शिकवू नकोस."

बाईंना आठवलं. शब्द न् शब्द आठवला, आपला वर गेलेला हातही आठवला.

"नंतर सांगायचं होतंस. आठ वर्षं होती."

"दर थंडीत भावोजींकडे निरोप दिला, कात्री लपवा म्हणून. ते म्हणायचे, तुम्ही सांगा. मी म्हणायचे, तुम्ही सांगा." धाकटी उठली, एका खोक्याच्या तळातून जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बाईंसमोर धरलं. बागेची मोठी कात्री. "यंदा तू पडलीस, तेव्हा आणून दिली त्यांनी."

म्हणजे धारवाला वगैरे कुणी नव्हताच. रोपवाल्याला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं, समोर बसून पुस्तक वाचणाऱ्या नवऱ्यालाही माहीत होतं. बाईंची चूक सगळ्यांना माहीत होती आणि ती सांगायची एकाचीही छाती झाली नव्हती. बाईंना राग आला. त्या एका खोक्यावर बसल्या. नवऱ्याचा आला, रोपवाल्याचा आला, घाबरट जगाचा आला, आणि मग एकेक करून सगळे सुटले आणि त्या रागासमोर त्या एकट्याच उरल्या. आठ उन्हाळे. नवरा गेल्यावर ही पोर इथं एकटी बसली असेल, आणि आपण घोळक्यात मागे उभ्या होतो.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. एवढे दोन शब्द, पण शेजारणीनं ऐकले असते तर तिला खरं वाटलं नसतं.

तुझं काही चुकलं नाही, असं धाकटी म्हणाली नाही. बाईंना तेच बरं वाटलं, कारण तसं म्हटलं असतं तर त्या पुन्हा भांडल्या असत्या.

"रविवारी गाडी आहे माझी," शेवटी धाकटी म्हणाली.

"आईचं झाड कुठंय? नेतेस ना सोबत?"

"मुळं तुटली खणताना. नाही जगणार."

बाई उठल्या. धाकटीच्या हाताला धरलं, डाव्या हातानं, आणि तीन गल्ल्या तिला अक्षरशः ओढत आणलं. वाटेत लोक थांबून बघत होते. बघेनात का. फाटक उघडलं तर नवरा पायरीवर पुस्तक घेऊन बसला होता. त्यानं दोघींना पाहिलं, मग मेव्हणीच्या हातातली कात्री पाहिली, आणि तो हळूच पुस्तक मिटून आत निघाला. बाई त्याला एवढंच म्हणाल्या, तुमच्याशी नंतर बोलते. तो बिचारा तेवढ्यावरही खूश झालेला दिसला.

धाकटी अनंतासमोर गुडघे टेकून बसली. कुठली फांदी न्यायची ते बघत तिनं दोन-तीन हातात घेऊन सोडल्या. रुजवायची फांदी फुलाची नको, कोवळी पण बोटाला ताठ लागणारी हवी. कात्रीची पाती उघडली. जिनं अकरा वर्षं या झाडाला न विचारता कापलं, तिला आता एक फांदी कापलेली बघवेना.

"तिथून नको," त्या म्हणाल्या. "तिथं कळी आहे. जरा खालून घे, आणि तिरकी काप, आणि..."

धाकटीनं मान वर करून बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा ती ताईच्या डोळ्यांत बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मला कात्री शिकवू नकोस."

कात्रीचा आवाज झाला. बाई आत गेल्या, ओट्यावरची बाटली डाव्या हातानं विसळली आणि नळाखाली धरली, आणि ती भरून वाहायला लागली तरी त्यांना नळ बंद करायचं भान राहिलं नाही.